आग नसताना आलेला बंब

बंब या शब्दाचे मराठीत दोन संसार आहेत. एक न्हाणीघरात आणि दुसरा रस्त्यावर. न्हाणीघरातला बंब तांब्याचा. पोटात निखारे घेऊन तो पाणी तापवतो. रस्त्यावरचा बंब लाल रंगाचा. पोटात पाणी घेऊन तो निखारे विझवतो. एकाच नावाचे दोघे असे उलट स्वभावाचे असावेत यात मला मास्तराला काही नवल वाटत नाही; माझ्या वर्गात दर वर्षी असे दोन प्रथमेश असतातच. शब्द मूळचा पोर्तुगिजांचा, त्यांच्या भाषेत पंपाला ‘बोंबा’ म्हणतात, असे जाणकार सांगतात. हे ऐकल्यापासून तो मला अधिकच आवडू लागला आहे, कारण आपल्याकडे बंब येण्यापूर्वी बोंब झालेली असतेच. न्हाणीघरातल्या बंबाला गीझरने केव्हाच सेवानिवृत्त केले. आमच्या घरचा बंब सौ.ने चिंच लावून घासला, बैठकीत आणून मांडला आणि त्यात मनीप्लँट लावला. रस्त्यावरचा मात्र अजून नोकरीत आहे, आणि मला जे सांगायचे आहे ते त्याच्याविषयी.

बंब येणे म्हणजे कुणाचा तरी वाईट दिवस. लहानपणापासून आपण त्याला पाहतो ते दुरून आणि पाठमोरे. घंटा ऐकून गॅलरीत यावे तोवर तो चौक ओलांडून गेलेला असतो. त्याच्या मागे सायकली धावतात, पोरे धावतात, आणि ज्यांना तिथे जाऊन काहीच करायचे नसते अशी मोठी माणसेही धावतात. वर बसलेल्या माणसांचे चेहरे मात्र कुणाच्या लक्षात राहत नाहीत. पोस्टमन, दूधवाला, मीटर पाहणारा ही मंडळी आपल्या ओळखीची असतात. त्यांच्या मुलींची लग्ने कुठे ठरली हेही आपल्याला ठाऊक असते. फायरमनशी ओळख होण्याचे काही कारण नसते, आणि देवाने ते कारण कुणाला देऊही नये. आमच्या गल्लीची ही ओळख झाली ती २०२० साली, आणि ती अशी की बंब आला होता, पण आग नव्हती.

आमची गल्ली महालातली, म्हणजे भोसल्यांच्या वेळच्या नागपुरातली. घरांनी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावलेला, प्रत्येक दारापुढे ओटा, ओट्यापुढे दोन स्कूटर आणि उरल्या जागेत रस्ता. नागपुरात करोनाचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२०ला सापडला. २२ तारखेला जनता संचारबंदी झाली, २५पासून सारा देशच कुलूपबंद. पुढच्या काही दिवसांत एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी बंब येऊन उभा राहिला. घंटा वाजली नाही. नखशिखान्त प्लास्टिकचा झगा घातलेले चार जण उतरले, त्यांनी होज पसरला आणि भिंती, ओटे, नाल्या, दारांच्या कड्या यांच्यावर सोडियम हायपोक्लोराइटचे पाणी मारायला सुरुवात केली. पोहण्याच्या तलावाला येतो तसला वास सगळीकडे पसरला. महानगरपालिकेचे अग्निशमन दल त्या दिवसांत गावभर हेच काम करीत होते.

त्या सकाळी आमच्याकडे उन्हाळ्याचे वाळवण पडले होते. साथ आली म्हणून कुरड्या थांबत नाहीत. चौघांतला एक जण पुढे येऊन प्रत्येक घरापुढे उभा राहून ओरडत होता, “बाई, पापड उचला! कुरड्या आत घ्या! लेकरं आत न्या!” समोरच्या घरच्या आजी, वय वर्षे चौऱ्याऐंशी, हातात हळदकुंकवाची ताटली घेऊन बंबाची पूजा करायला बाहेर आल्या. दसऱ्याला वाहनांची पूजा करतात तशी. “आजी, दूर राहा, अंगावर उडेल,” म्हणत तो मागे मागे सरकत होता आणि आजी पुढे पुढे. अखेर त्याने होज बंद करायला लावला. आजींनी बंबाला कुंकू लावले, वर दोन तांदूळ टाकले आणि मगच त्या आत गेल्या. खिडक्याखिडक्यांतून टाळ्या पडल्या. पंधरा दिवस एकमेकांचे तोंड न पाहिलेली गल्ली त्या सकाळी हसली.

तो वाळवण उचलायला सांगणारा माझ्या पाचवीतल्या एका मुलाचा बाप निघाला. झग्यातून मला ओळखता येणे शक्य नव्हते, त्यानेच हाक मारली, “सर, ओळखलं का?” हा गंजीपेठच्या केंद्रावर होता. घर जवळच, पण त्या दिवसांत तो घरी झोपत नसे, गच्चीवर झोपे. बायको ताट जिन्यात ठेवी आणि दार लावून घेई, मग तो खाली येऊन ते उचली. मुलगा गच्चीच्या दाराआडून पाढे म्हणून दाखवी. एप्रिल गेला, मे आला, नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर चढला आणि तरीही त्या प्लास्टिकच्या झग्यांतली माणसे फवारत हिंडत होती. मी एकदा त्याला विचारले, या पाण्याने रोग खरोखर मरतो का? तो खिडकीपासून चार हात दूर उभा होता. म्हणाला, “सर, खरं सांगू का? रोग किती मरते ते डॉक्टरले मालूम. पण या गल्ल्या आमाले मालूम झाल्या.”

पहिल्या वाक्याचा निकाल लवकरच लागला. माणसांच्या अंगावर असले पाणी फवारू नका, असे केंद्राच्या आरोग्य खात्याने १८ एप्रिललाच बजावले. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगून टाकले की रस्ते आणि बाजार फवारून हा रोग हटत नाही. धूळ आणि घाण क्लोरीनला तिथल्या तिथे निकामी करून टाकतात. रोगावर पाणी ओतण्याची ही आपली पहिली खेप नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा गटारे, मोऱ्या आणि घरे कार्बोलिकच्या पाण्याने धुऊन काढण्याचा सपाटा लावला होता. प्लेग उंदरावरच्या पिसवांमार्फत माणसाला गाठतो हे सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली दाखवले. तोवर बिचारे शहर धुतलेच जात होते. पण माणसाला काही तरी केलेले दिसावे लागते. आजारी मुलाच्या उशाशी बसलेली आई पदराने वारा घालते, त्याने ताप उतरतो असे तिलाही वाटत नसते.

दुसऱ्या वाक्याचा अर्थ कळायला मला वेळ लागला. त्याचे म्हणणे असे की, आग लागल्यावर जो गल्ली पाहायला येतो तो फायरमन काय कामाचा? आजवर त्यांना आमच्या गल्लीत शिरण्याचे निमित्तच नव्हते. आता रोज पाणी मारता मारता त्यांनी पाहून ठेवले की, बंब पिंपळापर्यंतच येतो, पुढे होज जोडत न्यावा लागतो. डावीकडच्या तिसऱ्या घरात वर एकटी म्हातारी राहते आणि तिच्या जिन्याला कठडा नाही. बोळाच्या टोकाला एकाने दार काढून भिंत घातली आहे, म्हणजे तिथून निघायला वाट नाही. दोन घरांच्या मधली केबलची तार इतकी खाली लोंबते की शिडी उभी करता येणार नाही. माझा जन्म या गल्लीतला. कथा-कादंबऱ्या लिहितो म्हणून निरीक्षणाचा थोडा गर्वही आहे. पण आमची गल्ली तिच्यातून बाहेर कसे पडायचे या दृष्टीने पाहणारा मनुष्य मला पहिल्यांदा भेटला.

त्याला एक गोष्ट मात्र मनातून खटकत होती. त्या एप्रिलमध्ये सतरंजीपुरा, मोमिनपुरा असे एकेक भाग बंद होत होते. रस्त्यांच्या तोंडाशी पत्रे ठोकले जात, बांबू बांधले जात. रोग आत कोंडायचा तर हे करणे भागच होते, आणि ते करणारेही आपलेच लोक होते. तो म्हणाला, “पत्रे ठोकले ते बरोबर आहे. पण आतमंदी पेटलं तं गाडी कुठून घालू?” म्हणून त्याच्या केंद्रावरची मंडळी कुठला पत्रा सुटा आहे, कुठला बांबू दोरीने बांधला आहे आणि कुठला खिळ्यांनी, याची रोज चौकशी ठेवत.

या एका प्रश्नाने माझ्या डोक्यात जे घर केले ते अजून गेलेले नाही. साथ म्हणते, दार लावून घे. आग म्हणते, दार उघडे ठेव. दोघींचेही खरे असते. ज्या वर्षी सारे जग दारे लावण्यात गुंतले होते, त्या वर्षी दाराची किल्ली कुठे आहे हे विचारत फिरणारे खाते एवढे एकच होते. लोकांनी त्यांच्या फवारणीला टाळ्या वाजवल्या. किल्लीच्या चौकशीला कोण टाळ्या वाजवणार?

आणि ही चौकशी करायची तर लोकांनी दार उघडायला हवे. गणवेश घालून गल्लीत शिरणे ही साधी गोष्ट नाही. त्याच जुन्या प्लेगात पुण्यामध्ये घरे तपासायला सोल्जर शिरले, त्यांनी माणसांच्या मनात जो संताप पेटवला त्याची परिणती २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबावर झालेल्या गोळीबारात झाली. आमच्या गल्लीत शिरलेल्यांनी आधी कुरड्या उचलायला सांगितले. फरक एवढाच होता, आणि पुढे जे जे त्यांनी सांगितले ते लोकांनी ऐकले त्याचे कारणही मला हेच दिसते.

त्या पावसाळ्यानंतर आम्हा मास्तरांनाही घरोघर फिरावे लागले. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ सुरू झाले आणि ताप मोजण्याचे पिस्तूल व बोटाला लावायचे यंत्र घेऊन आमची फौज निघाली. बोटाला यंत्र लावताना मी सगळ्यांच्या घरात जिना कुठे आहे ते पाहू लागलो होतो. संगतीचा परिणाम.

शाळा तेव्हा फोनच्या पडद्यावर भरत होती. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मी त्या फायरमनला म्हटले, दहा मिनिटे माझ्या वर्गाशी बोला. आधी तो लाजला. मग एका दुपारी गच्चीवरून बोलायला उभा राहिला, गणवेश घालून, मागे वाळत घातलेल्या चादरी. पोरांनी विचारले, काका, बंब एका लिटरमध्ये किती चालतो? काका, मांजर झाडावर अडकले तर येता का? (येतो, म्हणाला, संक्रांतीला मांज्यात अडकलेल्या पाखरांसाठी तर फार येतो.) मग त्याने एक स्टीलची थाळी घेतली, तिच्यात हाताला लावायच्या सॅनिटायझरचे चार थेंब टाकले आणि काडी लावली. “दिसते का काही?” पोरे म्हणाली, नाही. भर उन्हात थाळी जशीच्या तशी. त्याने कागदाची पट्टी चिमट्यात धरून वर नेली आणि ती भप्पकन पेटली. फोनमधून चाळीस पोरांचा एकदम ‘ओऽ’ ऐकू आला.

त्या सॅनिटायझरमध्ये अर्ध्याहून अधिक अल्कोहोल असते आणि त्याची ज्योत फिकट निळी, उजेडात दिसत नाही. ५ एप्रिल २०२०ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे साऱ्या देशाने दिवे लावले, तेव्हाही सूचना निघाली होती की हात साबणाने धुवा, सॅनिटायझर लावून पणतीजवळ जाऊ नका. दिवाळीत तर घराघरांत पणत्या, आणि घराघरांत, प्रत्येक दाराशी, ती बाटली. तो पोरांना सांगत होता: बाटली देवघरापासून दूर ठेवा, हात धुऊन पुसून मग फुलबाजी घ्या, अंगात सुती कपडे घाला, पाण्याची बादली आधी भरा आणि फटाके नंतर काढा. कपड्याने पेट घेतला तर पळू नका. थांबा, खाली पडा, लोळा. पळालात तर वारा लागून आग वाढते. मग त्याने ते गच्चीवर स्वतः लोळून दाखवले. त्याच्या मुलाला त्या दिवशी वर्गात जो मान मिळाला तो पहिला नंबर येऊनही कधी मिळाला नव्हता.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १४ नोव्हेंबरला होते. आमच्या गल्लीत प्रत्येक ओट्यावर बादली भरलेली होती. ज्यांना मुले नाहीत त्यांच्याही.

इथवरची हकीकत सणासुदीला सांगण्यासारखी आहे. पुढची तशी नाही. पण तिच्यावाचून ही अर्धीच राहील.

९ जानेवारी २०२१च्या पहाटेपूर्वी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. भंडारा आमच्यापासून साठ किलोमीटर. कक्षात १७ बाळे होती. ७ वाचली, १० गेली. विदर्भात त्या दिवशी कुणाच्या घरी नीट जेवण झाले नसेल. सरकारने राज्यातल्या सगळ्या रुग्णालयांची अग्निसुरक्षेच्या दृष्टीने तपासणी करण्याचा हुकूम काढला. सर्वोच्च न्यायालयाने तर राजकोटच्या कोविड रुग्णालयातल्या आगीनंतर, १८ डिसेंबर २०२०लाच, प्रत्येक कोविड रुग्णालयात अग्निसुरक्षेसाठी एक जबाबदार अधिकारी नेमा आणि महिन्याला एकदा तरी तपासणी करा, असे सांगून ठेवले होते. आणि कायदा म्हणाल तर महाराष्ट्रात तो २००६ सालचाच आहे. त्याप्रमाणे इमारतीतली आग विझवण्याची साधने चालू स्थितीत आहेत असा दाखला मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचा असतो. दाखला लिहून देते परवाना असलेली संस्था, आणि त्या संस्थेला पैसे देऊन बोलावतो मालक. मी परीक्षा घेणारा मनुष्य आहे. ज्या परीक्षेत परीक्षकाची फी विद्यार्थी भरतो तिच्या निकालाबद्दल मी अधिक बोलत नाही.

तपासणी म्हणजे काय, हे मी त्या फायरमनकडून ऐकले. लाल सिलिंडर भिंतीवर टांगलेला असतो, त्याचा काटा हिरव्यात आहे का पाहायचे. तो वापरता येणारा एक तरी माणूस रात्रपाळीला असतो का विचारायचे, बहुधा नसतो. जिन्यात खोकी, मोडक्या खाटा, सलाइनच्या बाटल्यांची रद्दी. आणि करोनाच्या वॉर्डात या सगळ्याच्या वर एक नवी गोष्ट होती, प्राणवायू. हवेत तो २१ टक्के असतो आणि आपल्या चुली, पणत्या, विड्या तेवढ्यावरच जळतात. तो दोनचार टक्क्यांनी जरी वाढला, तरी जी गादी एरवी धुमसत राहिली असती ती भडकते. रुग्णाच्या नाकाशी मिनिटाला साठ लिटरपर्यंत प्राणवायू सोडणारी यंत्रे तेव्हा रात्रंदिवस चालत होती. जास्तीचा तो त्या बंद खोलीतच साचे. खिडक्या लावलेल्या, वातानुकूलन यंत्रांना क्षणाची विश्रांती नाही, एका तारेवर चार यंत्रांचा भार. “आन् नळी बंद करा म्हणाल, तं पेशंट जाते,” तो म्हणाला. “आमच्या ट्रेनिंगमंदी पहिले शिकवतात, गॅस बंद करा. इथं ते करता येत नाही.”

मार्चच्या अखेरीस माझ्या आईला ताप आला. २०२१चा तो एप्रिल नागपूरकर विसरणार नाहीत. खाट मिळवण्यासाठी माणसे भंडारा, वर्धा, अमरावतीपर्यंत फोन करीत होती. पाच एप्रिलला आईला एका खाजगी रुग्णालयात जागा मिळाली. नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या महिन्यात ज्याच्याकडे खाट ते रुग्णालय देवळासारखे होते. दुसरा मजला, प्राणवायू लावलेला. आम्हाला वर प्रवेश नव्हता. खाली फाटकाशी उभे राहायचे, डबा द्यायचा, आणि संध्याकाळी परिचारिका फोनवर आईचे तोंड दाखवी. “मी बरी आहे, तू जेव,” एवढे एकच वाक्य ती रोज बोले.

९ एप्रिलला, शुक्रवारी रात्री, वाडीच्या एका कोविड रुग्णालयात आग लागली. वाडी म्हणजे अमरावती रस्त्यावर, गावाला लागूनच. दुसऱ्या मजल्यावरचा अतिदक्षता विभाग. वातानुकूलन यंत्रापासून सुरुवात झाल्याचे अग्निशमन अधिकाऱ्यांनी सांगितले. चौघे गेले. बाकीच्या रुग्णांना बंबवाल्यांनी आणि रुग्णालयाच्या माणसांनी उतरवून दुसरीकडे हलवले. रात्री साडेनऊला मला ही बातमी कळली, तेव्हा मी हातातला घास तसाच ठेवला. दुसरा मजला हे दोन शब्द सोडून मला काही ऐकू येईना.

मी त्या फायरमनला फोन केला. तो कामावर होता, मागे माणसांचा गलका होता. मला वाटले होते धीर देईल. तो म्हणाला, “सर, रडू नका. आता लगेच तिथं जा. वर कोणी सोडणार नाही, तं सोडा. इमारतीच्या मागं जा आन् दुसरा जिना पाह्या. दार कुठे उघडते, त्याले कुलूप आहे का, किल्ली कोणाजवळ आहे. एवढं पाहून मले फोन करा.”

रात्रीची संचारबंदी होती. शाळेचे ओळखपत्र दाखवत मी गेलो. इमारतीच्या मागच्या अंगाला एक लोखंडी दार होते, दाराला साखळी, साखळीला कुलूप. समोर रिकामे सिलिंडर आडवे रचलेले. पहारेकरी म्हणाला, किल्ली व्यवस्थापकांकडे. व्यवस्थापक म्हणाले, “मास्तर, उघडं ठेवलं तर नातेवाईक चढतात, आणि सिलिंडर चोरीला जातात. परवाच एक गेला.” त्यांचेही खोटे नव्हते. त्या दिवसांत सिलिंडर सोन्यासारखा होता, आणि आईला पाहायला मिळाले असते तर त्या जिन्याने मीही चढलो असतो. तीन रात्री न झोपलेला तो माणूस माझ्यापुढे डोळे चोळत उभा होता. मी वाद घातला नाही. फोन लावला आणि त्यांच्या कानाशी दिला.

काय बोलणे झाले ते मला एकाच बाजूने ऐकू आले. “हो... हो... चार मिनिटं?... नाही, लिफ्ट एकच आहे.” मग ते बराच वेळ गप्प राहून ऐकत होते. फोन परत देऊन त्यांनी पहारेकऱ्याला हाक मारली. दोघांनी आणि मी मिळून सिलिंडर बाजूला लावले. साखळी काढली. आतल्या बाजूने नुसती कडी घालायची, रात्री पहारेकऱ्याने खुर्ची तिथेच टाकायची आणि कुलूप लावायचेच झाले तर किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला दोरीने बांधायची, असे ठरले. सारे मिळून अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात जिन्यातून दोन मजले वर, बंद दारामागे, यंत्रांची टिकटिक ऐकू येत होती. तिच्यातली कुठली आईची, हे कळायला मार्ग नव्हता.

त्यानंतर मी रोज रात्री डबा देऊन मागच्या बाजूला एक फेरी मारीत असे. गुढीपाडवा १३ तारखेला झाला. गुढी सौ.ने उभारली, मी तिथे होतो. दुसऱ्या दिवशी १४ एप्रिल. नागपुरात हा बाबासाहेबांच्या जयंतीचा दिवस. एरवी आदल्या रात्री बारापासून संविधान चौकात पाऊल ठेवायला जागा नसते. त्या साली दुसऱ्यांदा चौक शांत होता. हाच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणूनही पाळतात, कारण १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे दारूगोळ्याने आणि कापसाने भरलेले जहाज फुटले आणि ते विझवायला गेलेले ६६ जण मेले. त्यांच्या स्मरणार्थ पुढे आठवडाभर शाळाशाळांतून प्रात्यक्षिके होतात. १९५७पासून आमच्याच गावात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. देशभरचे अधिकारी इथे शिकून जातात, आणि त्याच्या समोरून रोज जाणाऱ्या नागपूरकरांना ती एखादी सरकारी कचेरी वाटते. त्या १४ तारखेला प्रात्यक्षिके नव्हती. फायरमनने सकाळी फोन करून एवढेच विचारले, “खुर्ची आहे का दाराजवळ?” मी म्हटले, आहे.

२१ तारखेला आई घरी आली. त्याच दिवशी नाशिकला प्राणवायूच्या टाकीला गळती लागून रुग्ण दगावले, आणि २३च्या पहाटे विरारच्या अतिदक्षता विभागात आग लागून १३ जण गेले. वर्तमानपत्र मी आईपासून लपवून ठेवले. तिला त्या मागच्या दाराचे काही ठाऊक नव्हते. रुग्णालयातल्या पंधरा दिवसांतले तिला एवढेच आठवे की समोरच्या खाटेवरची बाई रात्री गाणी म्हणायची आणि एका सकाळी ती खाट रिकामी होती.

पुढची दिवाळी मोकळेपणाने झाली. भाऊबीज ६ नोव्हेंबरला होती. माझी धाकटी बहीण दोन वर्षांनी आली होती. ती मला ओवाळत असतानाच अहमदनगरहून (आता त्याला अहिल्यानगर म्हणतात) बातमी आली. जिल्हा रुग्णालयातला करोनाचा अतिदक्षता विभाग, पुन्हा आग, ११ माणसे. भंडाऱ्याच्या हुकुमाला दहा महिने होत आले होते. बहिणीने निरांजन खाली ठेवले आणि आईकडे पाहिले. आई काही बोलली नाही, तिने पुरणपोळीचे ताट पुढे सरकवले.

दुसऱ्या दिवशी तो फायरमन मुलाला घेऊन फराळाला आला. आईने त्याला पाटावर बसवले, चिवडा, चकल्या, अनारसे वाढले आणि “बाबू, तू त्या दिवशी माझे पापड उचलायला लावले होतेस ना?” असे विचारून त्याची ओळख पटवून घेतली. त्याने आमच्या स्वयंपाकघरात जाऊन गॅसची नळी वाकवून पाहिली, तिच्यावरची तारीख वाचली आणि मला उद्या बदला म्हणून सांगितले. बैठकीतल्या तांब्याच्या बंबाकडे पाहून तो हसला. “याच्यात झाड?” म्हणाला.

निघताना तो ओट्यावर थांबला. समोरची पोरे लवंगी फटाके लावत होती, बादली भरलेली होती. कठडा नसलेल्या जिन्याला त्या म्हातारीच्या भाच्याने दोर बांधला होता. बोळातली भिंत मात्र तशीच. त्याने मान वर करून दोन घरांच्या मधली केबलची तार पाहिली आणि हाताने उंचीचा अंदाज घेतला. “सर, ही एवढी वर करून घ्या न कोणाले सांगून. शिडी नाही जाणार.” मी केबलवाल्याला सांगितले. तो हो म्हणाला. दरवर्षी दिवाळीला पैसे न्यायला येतो तेव्हा मी पुन्हा सांगतो, तो पुन्हा हो म्हणतो. मागच्या वर्षी तिथे इंटरनेटच्या आणखी दोन तारा आल्या, त्या हिच्याही खाली आहेत.